शिट्टीविना शर्यत

क्लबातल्या शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत पाण्यावर सहसा पंच नसतो. दोन होड्या आडव्या आल्या तर डाव्या बाजूने वारा घेणारीने उजव्या बाजूने वारा घेणारीला वाट द्यायची. चुकलं तर आपणच लगेच दोन पूर्ण गिरक्या घ्यायच्या. बाकीचे पुढे निघून जातात, पण चूक तिथेच फिटते.

नाही घेतल्या, तर दुसरा तत्काळ ‘प्रोटेस्ट’ ओरडतो. किनाऱ्यावर समिती दोघांचं ऐकते. आपल्या वर्गात ‘बाई, हा रडी खेळला’ म्हणणाऱ्याला आपण चुगलखोर ठरवतो! इथे तक्रार तोंडावर होते, म्हणून ती चहाडी नाही.

संकटातल्याला मदत मात्र सक्तीची. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये दुसऱ्या क्रमांकावरचा कॅनडाचा लॉरेन्स लेमियू उलटलेल्या होडीतल्या खलाशांना वाचवायला वळला. त्या शर्यतीत पंचांनी त्याला दुसराच क्रमांक दिला.