वरची कडी

सप्टेंबर महिना आमच्या ऑफिसात माणसाचा नसतो. मी एका करसल्लागाराकडे नोकरी करते, आणि टॅक्स ऑडिटचे रिपोर्ट 30 तारखेच्या आत जायचे असतात. त्यातच गणपती येतात. सोसायटीच्या पोरांना वर्गणी ऑनलाइन पाठवायची आणि आरतीच्या वेळी लॅपटॉपसमोर बसायचं, हे माझं सहा वर्षांचं वेळापत्रक. वय 43, लग्न केलेलं नाही, कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. ‘आता तरी लग्न कर’ असं सांगणारा हा लेख नाही. त्या कामाला नातेवाईक पुरेसे आहेत.

ताप शुक्रवारी आला. अंग असं ठणकत होतं की खुर्चीतून उठताना कण्हायला व्हायचं. दाढदुखीच्या वेळी आणलेल्या गोळ्या डब्यात उरल्या होत्या, त्या घेतल्या आणि काम चालू ठेवलं. ऑफिसात सांगितलं, घरून करते. रात्री साताऱ्याहून आईचा फोन आला, तिला म्हटलं, थोडी सर्दी आहे. शनिवार, रविवार, सोमवार असेच गेले. मंगळवारी पहाटे ताप उतरलेला होता. मला इतकं हायसं वाटलं, की उठून आंघोळीचं पाणी काढलं.

पुढचं मला तुटक आठवतं. बाथरूमच्या फरशीचा गारवा, डोळ्यांसमोर अंधार, आणि बऱ्याच वेळाने दाराची बेल. साडेआठ वाजले असणार, कारण ती वेळ कामाच्या मावशींची. त्यांनी तीनदा बेल वाजवली आणि निघून गेल्या. यात त्यांची काहीच चूक नाही. त्यांना न सांगता मी लवकर ऑफिसला निघून गेले, असं त्या महिन्यात दोनदा झालं होतं. ‘ताई गेल्या असतील’ असं त्यांना वाटलं. मीच त्यांना ती सवय लावली होती.

रांगत बाहेर आले. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता, तिथवर पोचायला किती वेळ लागला कोण जाणे. हातात फोन आला आणि लक्षात आलं, समोरच्या दारातल्या काकूंचा नंबर माझ्याकडे नाही. मधे चार फुटांची जागा. भाऊ बंगळुरूला, आई साताऱ्यात, ऑफिसातलं कुणी यायचं तर तासभर. शेवटी सोसायटीचा ग्रुप उघडला. तो मी कधीचा म्यूट करून ठेवला होता. त्यात ‘बी विंग, तिसरा मजला, कुणी येता का’ असं लिहिलं. माझा त्या ग्रुपवरचा तो पहिला मेसेज.

दोन मिनिटांत दारापाशी पाचसहा माणसं जमली, आणि आत मी. लॅच खालून उघडता आला. वरची कडी मात्र हाताला येईना. मी इथे राहायला आले तेव्हा बाबांनी सुताराला बोलावून ती लोखंडी कडी मुद्दाम उंचावर बसवून घेतली होती. पोरगी एकटी राहणार, म्हणून. उभं राहिलं की डोळ्यांपुढे काजवे चमकत. बाहेरून काकू बोलत होत्या, “अगं, घाई करू नकोस, बसून घे, आम्ही आहोत इथं.” खाली मंडपात लहान मुलांची संगीत खुर्ची चालली होती, गाणं मधेच थांबायचं. जाळं काढायच्या काठीने ढोसून ढोसून मी ती कडी पाडली. वीसेक मिनिटं गेली असतील.

डेंगी होता. प्लेटलेट 38 हजार. निरोगी माणसात त्या दीड ते साडेचार लाख असतात. पण डॉक्टरांचा राग आकड्यावर नव्हता, माझ्या दोन गोष्टींवर होता. पहिली, त्या दाढदुखीच्या गोळ्या. त्यात आयब्युप्रोफेन होतं. डेंगीचा नुसता संशय असला तरी आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन घ्यायचं नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापाला पॅरासिटामॉल, तेही सांगितलेल्या प्रमाणात. दुसरी, ताप उतरला म्हणून मोकळी झाले ती. या आजारात खरी जपायची वेळ ताप उतरताना सुरू होते. त्या एकदोन दिवसांत रक्तातला द्रव रक्तवाहिन्यांबाहेर झिरपू शकतो, रक्तदाब खाली येतो. पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं, यातलं काही दिसलं तर घरी थांबायचं नाही. हे मला शनिवारी कुणीतरी सांगू शकलं असतं, पण त्यासाठी मी आजारी आहे हे कुणाला तरी सांगायला हवं होतं.

भरतीच्या काउंटरवर वेगळाच तमाशा. फॉर्मवर ‘सोबतची व्यक्ती’ आणि ‘नातं’ असे दोन रकाने. काकूंनी शेजारीण लिहायला सांगितलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, नातेवाईक लागेल. काकू म्हणाल्या, “मग मावशी लिही.” विम्याचं कार्ड माझ्या फोनमध्ये, फोनला कुलूप, आणि मी ग्लानीत. अनामत रक्कम काकूंनी स्वतःच्या खात्यातून भरली. औषधं आणायला त्यांचा नातू चार वेळा खाली-वर करत होता. ज्याचा आवाज मला फक्त जिन्यातल्या क्रिकेटमुळे माहीत होता, तो.

एकट्या राहणाऱ्या बहुतेकांसारखं मीही अभिमानाने म्हणायचे, माझा कुणाला त्रास नाही. त्या दिवशी माझा जेवढा त्रास झाला तेवढा चौकोनी कुटुंबातल्या कुणाचा झाला नसेल, आणि तोही पूर्वतयारी नसलेल्या माणसांना. थोडा थोडा त्रास आधीच देऊन ठेवला असता तर काकूंना किल्ली कुठे, कार्ड कुठे, आईचा नंबर कुठला, हे शोधत बसावं लागलं नसतं.

म्हणून आता माझ्यासारख्यांना सांगते. घराची एक किल्ली मजल्यावरच्या माणसाकडे हवी. सख्ख्या भावाकडची किल्ली बंगळुरूला असून उपयोग नाही. पण किल्ली दिली आणि आतून कडी लावली तर ती किल्ली शोभेची, तेव्हा किल्लीने बाहेरून उघडेल असंच कुलूप रात्री लावा. घरी एकटं असताना बाथरूमची कडी लावायचं तर काही कारणच नाही. आपण कुणापासून लपतो? फोनच्या सेटिंगमध्ये इमर्जन्सीचा भाग असतो. तिथे रक्तगट, ॲलर्जी आणि दोन नंबर भरले की कुलूपबंद फोनवरूनही ते दिसतात. 108 ची रुग्णवाहिका आणि 112 हे दोन्ही क्रमांक मला पाठ होते, पण आठवले ते घरी आल्यावर. विम्याच्या कार्डाची कागदी प्रत मी आता फ्रिजवर चुंबकाने लावते. बहुतेक पॉलिसींत तातडीच्या भरतीची खबर कंपनीला 24 तासांच्या आत द्यावी लागते, आणि ती देणारे आपण शुद्धीत असूच असं नाही.

आणखी एक, जे सांगायला मला सगळ्यात लाज वाटते. ऑफिसात मी रोज लोकांना विचारते, “नॉमिनी भरलाय ना?” बरी होऊन परत गेल्यावर स्वतःची खाती काढून बघितली. दोन ठेवींना आणि पीएफला नॉमिनी बाबा. बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती. बदलायला एक दुपार लागली. पीएफचं नॉमिनेशन ऑनलाइन होतं, आणि 1 नोव्हेंबर 2025 पासून बँकेच्या खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. मात्र नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे त्याच्या हाती येतात, हक्क वारसाचा राहतो. मैत्रिणीला किंवा भाचीला खरंच काही द्यायचं असेल तर मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालतं, नोंदणीची सक्ती नाही. आपली सही आणि दोन साक्षीदार, शक्यतो ज्यांना त्यातलं काही मिळणार नाही असे. माझी एक साक्षीदार म्हणजे त्या नातवाची आई. सही करताना ती रडायला लागली, तेव्हा मला तिला सांगावं लागलं की हे वर्षअखेरीचं काम आहे, रिटर्नसारखं.

डास कुठून आला, हे सांगायचं राहिलं. खात्री देता येत नाही, पण महानगरपालिकेचा तपासनीस आला आणि थेट खिडकीतल्या मनी प्लांटकडे गेला. काचेच्या बाटलीत, महिनोन् महिने न बदललेल्या स्वच्छ पाण्यात. हा डास अशाच साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, दिवसा चावतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. बाटली त्याने ओतली, एकदा तिच्याकडे बघितलं आणि गेला. घरात मी एवढं एकच जिवंत काही पाळलं होतं, तेही देखभाल लागत नाही म्हणून.

बाटली मी पुन्हा भरून ठेवली. दर रविवारी पाणी बदलेन असं ठरवलं, दोन रविवार बदललंही. परवा ऑफिसातून उशिरा आले तर ओट्यावर झाकून ठेवलेली अळूची भाजी, आणि खिडकीत बाटली नाही. मनी प्लांट कुंडीत, मातीत लावलेला. काकूंनी मला विचारलंसुद्धा नव्हतं. क्षणभर राग आला. मग भाजी गरम करायला ठेवली आणि समोरचं दार वाजवलं, कुंडीला पाणी किती घालायचं ते विचारायला.