चित्रशाळा, चित्रकार आणि समाज : म्हैसूरचे उदाहरण

चित्रे प्राचीन आहेत, चित्रशाळा मात्र अलीकडची आहे. देवळांच्या भिंती, पोथ्यांची पाने, घराघरांतील देव्हारे आणि राजवाड्यांतील महाल ही चित्रांची मूळ वसतिस्थाने होत. तेथून चित्र बाहेर पडले आणि कोणीही प्रवेशमूल्य देऊन पाहू शकेल अशा दालनात आले, तेव्हा समाजापुढे दोन नवे प्रश्न उभे राहिले. चित्र कोणासाठी आहे, हा पहिला. आणि चित्र कोणाचे आहे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर चित्रशाळेने सहज दिले. दुसऱ्याचे उत्तर देणे तिला अनेकदा कठीण गेले आहे. हे दोन्ही प्रश्न समजून घेण्यास म्हैसूर शहरासारखे दुसरे ठिकाण क्वचितच सापडेल.

नाव नसलेले कलावंत

म्हैसूरच्या पारंपरिक चित्रशैलीला तिसरे कृष्णराज वडियार (1794–1868) यांच्या काळात मोठा आश्रय लाभला. 1831 मध्ये ब्रिटिशांनी राज्याचा कारभार त्यांच्या हातून काढून घेतला. परंतु विद्या व कला यांना असलेला त्यांचा आश्रय पुढेही चालू राहिला.

या शैलीची कृती संथ आणि कष्टाची आहे. लाकडी फळीवर चिकटवलेल्या कागदावर किंवा कापडावर प्रथम आकृतीचे रेखाटन होते. दागिने, वस्त्रांचे काठ आणि प्रभावळ यांच्या जागी पांढऱ्या भुकटीचा व डिंकाचा लेप कुंचल्याने देऊन किंचित उठाव आणतात. त्यावर सोन्याचा वर्ख बसवला जातो आणि मग रंगकाम होते. तंजावरच्या चित्रांतील उठाव जाड असतो व त्यांत काचेचे खडे जडवतात. म्हैसूरच्या चित्रातील उठाव पातळ आणि रेषा नाजूक असते.

अशा चित्रावर चित्रकाराने आपले नाव घालण्याची प्रथा नव्हती. चित्र पूजेसाठी होते. पाहणाऱ्याने देव ओळखावा, एवढीच अपेक्षा असे. चित्रकाराला मोबदला आणि मान मिळे, तो आश्रयदात्याकडून. म्हणूनच कृष्णराजांच्या निधनानंतर आश्रय आटला, तेव्हा चित्रकारांची मोठी हानी झाली. आश्रयदाता गेल्यावर त्यांच्यापाशी दाखवण्यासारखी कीर्ती उरली नाही. या शतकाच्या आरंभी म्हैसूरच्या पारंपरिक चित्रांना भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने शैलीचे नाव सुरक्षित झाले. जुन्या चित्रकारांची नावे मात्र बहुतांशी काळाच्या उदरातच राहिली.

नाव घराघरांत पोहोचलेला चित्रकार

राजा रविवर्मा (1848–1906) यांच्यापासून चित्र बदलले, फार पालटले. तैलरंगात, युरोपीय वास्तवदर्शी पद्धतीने ते चित्रे काढीत व त्यांवर स्वाक्षरी करीत. 1885 मध्ये चामराजेंद्र वडियार यांनी राजकुटुंबाची व्यक्तिचित्रे काढण्यासाठी त्यांना म्हैसूरला बोलावले. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांतही चौथ्या कृष्णराजांसाठी पौराणिक चित्रांचे काम त्यांनी हाती घेतले होते.

त्यांच्या कीर्तीचे मुख्य कारण मात्र राजवाड्यांत शोधू नये. 1894 मध्ये त्यांनी मुंबईत शिळाछापाचे मुद्रणालय काढले. पुढे ते लोणावळ्याजवळील मळवली येथे हलले. या पद्धतीत एकेका रंगासाठी स्वतंत्र शिळा तयार करून एकाच कागदावर क्रमाने छाप उमटवतात. अशा रीतीने छापलेली लक्ष्मी आणि सरस्वती अल्प किमतीत शेतकऱ्याच्या व कामगाराच्या घरी पोहोचली. ज्याने आयुष्यात मूळ तैलचित्र पाहिले नाही, त्यालाही रविवर्म्याचे नाव ठाऊक झाले.

वाड्याची झालेली चित्रशाळा

जगन्मोहन राजवाडा तिसऱ्या कृष्णराजांनी 1861 मध्ये बांधला. 1897 मध्ये जुना लाकडी राजवाडा आगीत जळाल्यावर, 1912 मध्ये नवा राजवाडा पूर्ण होईपर्यंत राजकुटुंब येथेच राहिले. 1902 मध्ये चौथ्या कृष्णराजांना राज्याधिकार मिळाले, तो समारंभही येथेच झाला. नव्या राजवाड्यात वास्तव्य गेल्यावर, 1915 मध्ये या वास्तूत चित्रसंग्रह मांडण्यात आला. 1924 च्या सुमारास आयरिश कवी जेम्स कझिन्स यांच्या सल्ल्याने त्यात आधुनिक भारतीय चित्रांची भर पडली. पुढे हा संग्रह श्री जयचामराजेंद्र चित्रशाळा या नावाने ओळखला जाऊ लागला.

महाराष्ट्रातही याला जोड सापडते. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी जमवलेल्या कलाकृतींसाठी 1938 मध्ये औंधच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय उभे राहिले. दोन्ही ठिकाणी राजाच्या आवडीने जमलेले धन सर्वांच्या दृष्टीस पडू लागले. चित्र कोणासाठी, या प्रश्नाचे हे उत्तर होय.

एका चित्राची गोष्ट

दुसऱ्या प्रश्नाकडे वळण्यासाठी जगन्मोहन राजवाड्यातील बहुधा सर्वांत लोकप्रिय चित्र पाहावे. हातात दिवा घेतलेली एक तरुणी उभी आहे. दुसऱ्या हाताने तिने ज्योतीला आडोसा केला आहे. तो उजेड बोटांच्या फटींतून लालसर झिरपतो आणि तिच्या मुखावर पडतो. इंग्रजीत या चित्राला ‘ग्लो ऑफ होप’, म्हणजे आशेचा उजेड, असे नाव आहे.

हे चित्र पाहून आलेले पुष्कळ लोक ते रविवर्म्याचे असल्याचे सांगतात. वस्तुतः ते सावळाराम लक्ष्मण हळदणकर (1882–1968) यांनी 1945-46 च्या सुमारास, म्हणजे रविवर्म्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी काढले. हळदणकर सावंतवाडीचे. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले आणि 1908 मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली. चित्रातील तरुणी ही त्यांची कन्या गीता.

शिवाय हे चित्र तैलरंगातील नसून जलरंगातील आहे. तैलरंगात चूक झाली तर तिच्यावर दुसरा थर देता येतो आणि उजेड शेवटी पांढऱ्या रंगाने चढवता येतो. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे खालचा कागदच. जेथे प्रकाश हवा, तेथे हात आवरावा लागतो. एकदा काळवंडलेली जागा पूर्ववत उजळणे फार अवघड असते. एवढा दाट अंधार आणि त्यात एवढा स्वच्छ उजेड या माध्यमात साधणे ही असामान्य कामगिरी आहे. चित्र रविवर्म्याचे तैलचित्र मानणारा प्रेक्षक केवळ नावाची चूक करत नाही. चित्रातील खरे कौशल्यच त्याच्या दृष्टीआड होते.

ही चूक का होते, हे समजणे कठीण नाही. त्याच वास्तूत रविवर्म्याची चित्रे आहेत, विषय साडी नेसलेली भारतीय स्त्री आहे, शैली वास्तवदर्शी आहे आणि प्रेक्षकाला एकच चित्रकार नावाने ठाऊक आहे. ज्या कीर्तीने चित्रकाराला समाजात प्रतिष्ठा मिळवून दिली, त्याच कीर्तीच्या छायेत दुसरा चित्रकार झाकला गेला.

चित्राचे मोल आणि चित्रकाराचे ऋण

समाज कलेचे मोल दोन प्रकारे चुकते करतो. एक मोल पैशाचे. ते चित्र विकले गेले की संपते. दुसरे मोल ओळखीचे. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानेही हा भेद मान्य केला आहे. कृतीचे हक्क दुसऱ्यास दिल्यानंतरही, ती आपली आहे असे सांगण्याचा कर्त्याचा अधिकार त्या कायद्याने वेगळा राखला आहे. परंतु कर्ता हयात नसतो, तेव्हा त्याच्या वतीने हे सांगण्याचे काम मुख्यतः चित्रशाळेकडे येते.

म्हणून चित्राखालील पाटी ही क्षुल्लक वस्तू नव्हे. चित्रकाराचे नाव, त्याचा काळ, माध्यम आणि चित्राचे वर्ष एवढ्या चार गोष्टी ठळक, सुवाच्य आणि प्रेक्षकाला कळणाऱ्या भाषांत लिहिल्या, तर तिकिटाच्या पैशात त्याला चित्राबरोबर थोडे ज्ञानही मिळते. वाटाड्याने तेच सांगितले पाहिजे, आणि विक्रीस ठेवलेल्या प्रतींवर तेच छापले पाहिजे. मुलांना सहलीला नेणाऱ्या शिक्षकाने चित्राइतकीच पाटीही वाचून घ्यावी.

याचा लाभ केवळ दिवंगतांना होत नाही. 1981 पासून म्हैसूरमध्ये चामराजेंद्र दृश्यकला अकादमी आहे. तेथे तरुण मुले-मुली चित्रकला व शिल्पकला शिकतात. त्यांतील बहुतेकांना राजाश्रय मिळणार नाही आणि रविवर्म्यासारखी कीर्तीही लाभणार नाही. आपण केलेले काम आपल्या नावाने ओळखले जाईल, एवढी शाश्वती मात्र समाज त्यांना देऊ शकतो. हळदणकरांचे चित्र पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक त्यांचे नाव बरोबर सांगू लागेल, तेव्हा ती शाश्वती खरी आहे असे या विद्यार्थ्यांना मानता येईल.