विक्रोळीला आलेली आजी

(माणूस नवे काम, नवी भाषा कोणत्या वयापर्यंत शिकू शकतो? या पाठात एका परिचारिकेची ओळख करून दिली आहे. ती चार मुलांची आई होती, नातवंडांची लाडकी आजी होती. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी ती परदेशातून मुंबईजवळ रुग्णांची सेवा करण्यासाठी आली.)

लिलियन कार्टर यांचा जन्म १५ ऑगस्ट १८९८ रोजी अमेरिकेच्या दक्षिण भागातील जॉर्जिया राज्यात झाला. पुढे हीच तारीख आपल्या देशाचा स्वातंत्र्यदिन ठरली. लिलियन यांना लहानपणापासून वाचनाची आवड होती. मोठेपणी त्यांनी परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि १९२३ मध्ये अटलांटा शहरातील रुग्णालयातून ते पूर्ण केले. त्याच वर्षी त्यांचे लग्न झाले. पती शेतकरी व व्यापारी होते. प्लेन्स नावाच्या लहानशा गावाजवळ त्यांची भुईमुगाची व कापसाची शेती होती.

त्यांना चार मुले झाली. थोरला जिमी, मग ग्लोरिया आणि रूथ या दोन मुली आणि धाकटा बिली. घर, शेत आणि मुले सांभाळून लिलियनबाई रुग्णांची शुश्रूषा करीत. कधी कधी त्या दिवसरात्र रुग्णाच्या उशाशी असत. अशा वेळी त्या घरातील एका लहान काळ्या मेजावर मुलांसाठी चिठ्ठी ठेवून जात. कोणी काय काम करायचे, ते त्या चिठ्ठीत लिहिलेले असे. 'ते मेजच आमची आई आहे, असे आम्हांला वाटे,' अशी थट्टा मुले मोठेपणी करीत.

त्या काळी जॉर्जियात गोरे आणि कृष्णवर्णीय यांच्यात फार मोठा भेद पाळला जाई. शाळा वेगळ्या, प्रार्थनामंदिरे वेगळी. गोऱ्या माणसाच्या घरी कृष्णवर्णीयाने मागच्या दाराने यावे, अशी रीत होती. लिलियनबाईंना हे मान्य नव्हते. शेजारच्या कृष्णवर्णीय कुटुंबात कोणी आजारी पडले, की त्या धावून जात. त्या गरिबांकडे पैसे कोठून असणार? कोणी कोंबडी आणून देई, कोणी अंडी देई, कोणी रानातील फळे देई. लिलियनबाई ते आनंदाने घेत. एका कृष्णवर्णीय धर्मगुरूंचा शिकलेला मुलगा त्यांना भेटायला पुढच्या दाराने येई. त्या त्याला बैठकीच्या खोलीत बसवून गप्पा मारीत. त्यांच्या पतींना हे पसंत नसे. ते तेवढ्या वेळापुरते मुकाट्याने घराबाहेर निघून जात. पण लिलियनबाईंनी आपली रीत सोडली नाही.

१९५३ मध्ये त्यांचे पती कर्करोगाने वारले. मुले मोठी झाली होती. नातवंडेही झाली होती. आता त्यांनी घरी बसून आराम करावा, असे कोणालाही वाटले असते. परंतु रिकामे बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. काही वर्षे त्यांनी एका विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाची देखरेख केली. नंतर वृद्धांच्या शुश्रूषागृहाचे कामही पाहिले.

एके दिवशी त्यांनी दूरदर्शन संचावर 'पीस कोअर'ची जाहिरात पाहिली. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी १९६१ मध्ये ही संस्था सुरू केली होती. तिचे स्वयंसेवक परदेशात जाऊन लोकांबरोबर राहतात व काम करतात. वयाची अट नाही, असे जाहिरातीत सांगितले होते. लिलियनबाईंनी अर्ज केला! प्रशिक्षण घेऊन १९६६ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्या भारतात आल्या. मुंबईच्या विक्रोळी भागात गोदरेज कारखान्याच्या कामगारांची वसाहत आहे. तेथे त्यांना काम मिळाले.

सुरुवातीचे दिवस कठीण गेले. हवा वेगळी, अन्न वेगळे, भाषा वेगळी. घरची आठवण येई. आधी त्यांना कुटुंबनियोजनाच्या प्रचाराचे काम दिले होते. त्यात त्यांचे मन रमेना. नंतर त्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली परिचारिका म्हणून काम करू लागल्या. तेथे मात्र त्यांना आपले खरे काम सापडले.

एके दिवशी दवाखान्याच्या दारातून एक लहान मुलगी अंग चोरून आत आली. तिला कुष्ठरोग झाला होता. लिलियनबाईंनी असा रुग्ण यापूर्वी पाहिला नव्हता. त्या मागे सरकल्या. पण डॉक्टरांनी त्या मुलीला त्यांच्याकडेच सोपवले. त्यांनी तोंडावर पट्टी बांधली, घाईघाईने इंजेक्शन दिले आणि नंतर एकांतात जाऊन आपले अंग लाल होईपर्यंत घासून धुतले. अनेक वर्षे रुग्णसेवा केलेली ही बाई त्या दिवशी घाबरली होती.

पण दुसऱ्या आठवड्यात मुलगी पुन्हा आली. लिलियनबाई पुन्हा तिच्यासमोर उभ्या राहिल्या. असे अनेक आठवडे गेले. हळूहळू मुलीच्या जखमा भरू लागल्या आणि बाईंची भीतीही ओसरू लागली. मुलगी विश्वासाने त्यांच्या डोळ्यांकडे पाही. दोघी हसत, मराठीतील चार शब्द बोलत आणि एकमेकींचा हात हातात घेत. शेवटी त्यांनी त्या मुलीचा मुका घेतला, तेव्हा मनात किळस उरली नव्हती. पुढे त्यांच्या मुलाने या प्रसंगावर एक कविता लिहिली.

मुलांनो, कुष्ठरोग हा जंतूंमुळे होणारा आजार आहे. तो कोणाच्या पापाचे फळ नाही. हात मिळवल्याने किंवा एकत्र जेवल्याने तो होत नाही. वेळेवर औषधे घेतली, तर तो पूर्ण बरा होतो. लिलियनबाईंना वाटलेली भीती आजही अनेकांना वाटते. म्हणून त्यांची ही गोष्ट लक्षात ठेवावी.

विक्रोळीत एक माळी त्यांना भाजी व फुले आणून देत असे. त्याच्या मोबदल्यात त्यांनी त्याच्या मुलीला लिहायला-वाचायला शिकवले. रात्री त्या घरी लांबलचक पत्रे लिहीत. १९६७ मध्ये जिमी यांना मुलगी झाली. तिचे नाव ॲमी. नात जन्मली, तेव्हा आजी हजारो मैल दूर विक्रोळीत होती! सुमारे एकवीस महिने सेवा करून त्या १९६८ मध्ये मायदेशी परतल्या. त्या बऱ्याच रोडावल्या होत्या. त्यांच्या माघारी मुलांनी तळ्याकाठी त्यांच्यासाठी एक नवे घर बांधून ठेवले होते.

१९७६ मध्ये जिमी कार्टर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवत होते. आईवडील प्रचारासाठी गावोगाव फिरत, तेव्हा लहानग्या ॲमीला आजीनेच सांभाळले. जिमी निवडून आले. फेब्रुवारी १९७७ मध्ये भारताचे राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांचे निधन झाले. त्यांच्या अंत्यविधीसाठी अमेरिकेच्या वतीने लिलियनबाई दिल्लीला आल्या. सोबत त्यांचा नातू होता. त्याच वर्षी त्यांची भारतातून लिहिलेली पत्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

३० ऑक्टोबर १९८३ रोजी, वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. १९८६ पासून 'पीस कोअर'ने उतारवयात सेवा करणाऱ्या स्वयंसेवकांसाठी त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला.

राष्ट्राध्यक्षांची आई म्हणून जग त्यांना ओळखते. पण विक्रोळीत त्या आल्या, तेव्हा त्यांना तेथे कोणीही ओळखत नव्हते. त्यांच्याजवळ होते ते फक्त परिचारिकेचे शिक्षण आणि मराठीचे चार शब्द. भीती वाटली तरी त्यांनी त्या मुलीपुढे हात केला. खिदमत हिलाच म्हणतात.

शब्दार्थ
परिचारिका – नर्स
शुश्रूषा – आजारी माणसाची सेवा, तीमारदारी
कृष्णवर्णीय – काळ्या रंगाचे लोक
मोबदला – कामाच्या बदल्यात दिलेली वस्तू, मुआवजा
किळस – घृणा, घिन
ओसरणे – कमी होणे
रोडावणे – बारीक होणे, दुबळे होणे

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लिलियनबाई मुलांसाठी चिठ्ठी कोठे ठेवीत?
(आ) ॲमीचा जन्म झाला, तेव्हा तिची आजी कोठे होती?
प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लिलियनबाईंनी आपल्या गावातील कोणती रीत मानली नाही?
(आ) कुष्ठरोगी मुलीविषयी त्यांच्या मनात कसा बदल होत गेला?
प्र. ३. वाक्यांत उपयोग करा : अंग चोरणे, मन रमणे, धावून जाणे.
प्र. ४. तुमच्या आजीला तिच्या लहानपणाविषयी विचारा. ती जे सांगेल, ते दहा ओळींत मराठीत लिहा.