आमेन वेळेवर: घरसभा घेणाऱ्या भाच्याला कानमंत्र

बाळा, तुमच्या भागातली गुरुवारची घरसभा आता तुझ्या आणि सूनबाईच्या फ्लॅटवर भरणार, असं पाळकसाहेबांकडून कळलं. आनंद झाला, आणि हसूही आलं. जेवायला दहा हाका मारायला लावणारा मुलगा आता लोकांना वेळेवर बोलावणार! रविवारी चर्च भरलेलं असतं, एखादं न आलेलं कोणाच्या लक्षात येत नाही. घरात दहा माणसं बसली की अकरावं कुठे आहे हे लगेच कळतं. माझ्या मते घरसभा असते ती यासाठीच. आता नीट ऐक.

१. साडेसातची वेळ दिलीस तर साडेसातला पहिलं भजन सुरू कर, समोर एकटी सूनबाई बसलेली असली तरी — उशिरा येणाऱ्यांसाठी थांबलास की पुढच्या गुरुवारी वेळेवर येणारेही रेंगाळतात.

२. नऊच्या आत आमेन झालंच पाहिजे. त्रोवसला पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि खिडकीत बसलेला युतुख पेंगून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलाने त्याला जिवंत परत दिला, पण तू पौल नाहीस आणि राहतोस सातव्या मजल्यावर. आमेन वेळेवर, तर पाय पुन्हा उंबऱ्यावर.

३. दाराजवळ एकाला बसव, बेलकडे कान ठेवायला — मार्कच्या आईच्या घरी सगळे पेत्रासाठी प्रार्थना करत होते आणि तुरुंगातून सुटलेला पेत्रच बाहेर दार ठोठावत होता. रुदा नावाची दासी आनंदाच्या भरात दार न उघडताच आत सांगायला पळाली, आणि आतल्यांनी तिलाच वेड्यात काढलं!

४. चहा आणि खारी, बस्स. एका घरी पोहे झाले की दुसऱ्या घरी इडली होते, तिसऱ्या घरी बिर्याणी, आणि चौथ्या घरची बाई म्हणते, 'आमच्याकडे नको, घर लहान आहे' — घर लहान नसतं रे, महिनाअखेर असते. ताटं वाढली की घरं घटली.

करिंथची मंडळी जमायची तेव्हा कोणी खाऊन-पिऊन तर्र आणि कोणी उपाशी, असा प्रकार होता. पौलाने पत्रात त्यांना चांगलंच झापलं आहे. म्हणजे हे दुखणं आपल्याकडचंच नाही.

५. पहिला महिना तुझ्याकडे, मग सभा फिरती ठेव, आणि एका खोलीत राहणाऱ्यांच्या घरी आवर्जून ने. साखर-पत्ती सूनबाईने दुपारीच गुपचूप पोचवायची — ज्या घरात सभा कधीच आली नाही, त्या घरचं माणूस कोपऱ्यातच बसतं.

६. शेजाऱ्यांना आधी स्वतः जाऊन सांग, की गुरुवारी दीड तास भजनाचा आवाज येईल. ढोलकी चर्चमध्ये राहू दे. घरात पेटी आणि टाळ पुरे. पॅसेजमध्ये पंधरा जोड चपला पसरतात, त्याही आत घे — सांगितलेला आवाज निम्मा होतो, पण चपलेत अडकलेला पाय वर्षभर बोलतो.

७. वचन एकेकाला एकेक ओवी वाचायला दे, पण 'मी ऐकते' म्हणणारीला दुसऱ्यांदा आग्रह करू नको — चष्मा घरी राहिला असेल, किंवा शाळाच पाहिली नसेल.

८. तू कमी बोल. प्रश्न विचारलास की गप्प बस, कितीही अवघड वाटलं तरी. तू मात्र लगेच उत्तर देशील, ती तुझ्या बापाची खोड आहे — बुजऱ्या माणसाचा शब्द तोंडाशी यायला वेळ लागतो, आणि तोच ऐकण्यासारखा असतो.

९. प्रार्थनेची विनंती प्रत्येकाने स्वतःसाठी करावी. दुसऱ्यासाठी करायची तर त्याला विचारून. 'अमक्याच्या मुलासाठी प्रार्थना करा, तो हल्ली पितो म्हणे,' असं कोणी म्हणालं, तर 'सर्व कुटुंबांसाठी प्रार्थना करू या' म्हणून लगेच डोळे मिट — डोळे मिटून केली तरी चहाडी ती चहाडीच.

१०. व्हॉट्सॲपवर फक्त वेळ आणि पत्ता टाक. कोणाचा रिपोर्ट, कोणाचं मोडलेलं लग्न, कोणाची गेलेली नोकरी तिथे नको — चार भिंतींत सांगितलेलं फोनमधून नगरला माझ्यापर्यंत येतं, आणि मी म्हातारी काही गप्प बसणारी नाही.

११. दान आलंच तर दोघांनी मोजायचं, वहीत लिहायचं, रविवारी खजिनदाराच्या हातात द्यायचं. सभेत उसनवारी नको, भिशी नको, विम्याची पॉलिसी तर मुळीच नको — उसने घेतलेला माणूस पैसे देईल न देईल, पण सभेला यायचा आधी थांबतो.

पैशावरून जॉन वेस्लीची गोष्ट आठवली. १७४२ साली ब्रिस्टलमध्ये त्याच्या मंडळीवर प्रार्थनागृहाचं कर्ज होतं. कोणीतरी सुचवलं, दर माणशी आठवड्याला एक पेनी काढू. मग बारा-बारा जणांचे गट केले. एकाने बाकीच्यांच्या घरी जाऊन पेनी गोळा करायची, ज्याला जमत नसेल त्याची आपल्या खिशातून भरायची. दारोदार फिरताना त्यांना दिसू लागलं, की इथे नवरा-बायकोत भांडण आहे, तिथे दारू आहे. वेस्लीच्या लक्षात आलं, की आपण इतके दिवस जे शोधत होतो ते हेच. पुढे ते गट दर आठवड्याला एकत्र जमू लागले, आणि कर्जासाठी काढलेल्या युक्तीवर मेथडिस्ट मंडळी उभी राहिली. वसुलीला निघालेल्या माणसाने चौकशी करून परत यावं, हे मला फार आवडतं.

१२. म्हणून, जो आला नाही त्याला शुक्रवारी फोन कर. 'का आला नाहीस?' असं नको. 'बरा आहेस ना, की पाहुणे आले होते?' असं विचार — 'का' विचारलं की माणूस सबब सांगतो, 'बरा आहेस ना' विचारलं की हकीकत. लागोपाठ दोन गुरुवार चुकले तर फोनवर भागवू नको, जाऊन ये.

१३. कोणी आजारी असेल तर प्रार्थना कर आणि रिक्षाही बोलाव. 'विश्वास असेल तर गोळ्या बंद करा' असं कोणी बोललं तर तिथल्या तिथे अडव — शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता.

१४. ऑफिसातला मित्र, शेजारची ताई, बाप्तिस्मा न झालेलं कोणीही आलं तर जागा दे, चहा दे, आणि मागे लागू नको. ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला, तेव्हा बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघांनाही त्यात जागा ठेवली होती — बसायला आलेल्याला ढकलत पुढे नेलं, तर तो उठून जातो.

१५. पुरुष वचनावर चर्चा करणार आणि बायका ओट्याशी उभ्या, असं होऊ देऊ नको. चहा तू गाळ — फिलिप्पैत पौलाला आपलं घर उघडून दिलं ते लुदियाने, आणि प्रिस्किल्ला व अक्विला यांच्या घरीही मंडळी जमायची.

१६. रविवारच्या उपासनेच्या वेळेला घरसभा कधीही ठेवू नको, आणि पाळकसाहेबांची गाऱ्हाणी सभेत चघळू देऊ नको. ज्याचं त्याने त्यांच्या तोंडावर बोलावं — रागावून वेगळ्या बसलेल्या सभेत पुढचा राग तुझ्यावरच निघतो.

१७. माणसं पंधराच्या वर गेली की दोन सभा कर. रडतील, 'आम्हाला तोडलं' म्हणतील. तरी कर — खुर्च्या मोजाव्या लागल्या की माणसं मोजायची राहतात.

१८. मे महिन्यात सगळे गावी जातील. सभा बंद करू नको, दोघंतिघंच असलात तरी बसा — सुट्टी दिलेला गुरुवार जूनमध्ये परत येत नाही.

पेटी माझ्याकडची घेऊन जा, इथे नुसती कपाटावर पडून आहे. भाता जरा गळतो, तो पहिल्या गुरुवारच्या आधी पेटीवाल्याकडून दुरुस्त करून घे; आणि काळी दोनचा सूर अडकतो, तेही त्यालाच दाखव.