जहाजावरची शेवंड

क्रूझ जहाजावर शेवंड प्रवाशाच्या ताटात दोन मार्गांनी येते. पहिला मार्ग मुख्य भोजनगृहाचा. आठवडाभराच्या सफरीत एका ठरावीक संध्याकाळी, बहुधा फॉर्मल नाइटला, तिकिटाच्या दरातच माणशी एक शेपटी वाढली जाते. दुसरी मागितली तर पूर्वी ती सहज मिळे. आता अनेक कंपन्या तिचे वेगळे पैसे लावतात. दुसरा मार्ग स्पेशालिटी रेस्टॉरंटचा. तिथे बसण्याचेच पैसे असतात किंवा पदार्थागणिक दर असतो, आणि अमेरिकी बंदरांतून सुटणाऱ्या बऱ्याच जहाजांवर त्यावर १८ ते २० टक्के सेवाशुल्क चढते. मुख्य भोजनगृहातली शेवंडीची संध्याकाळ कोणत्या वारी येते, हे जहाजावर चढल्याच दिवशी विचारून ठेवावे. ती गुरुवारी किंवा संकष्टीला आली, तर वार पाळणाऱ्याला ती पुन्हा मिळत नाही आणि त्याबद्दल दाद मागायलाही कोणी नसते.

लॉब्स्टर म्हणून दोन निरनिराळे प्राणी वाढले जातात. एक अमेरिकन लॉब्स्टर. तो मेन राज्य आणि पूर्व कॅनडाच्या थंड पाण्यात सापडतो. त्याला दोन जाड नांग्या असतात आणि त्यांतही भरपूर मांस असते. दुसरी उष्ण पाण्यातली काटेरी शेवंड. तिला मोठ्या नांग्या नसतात, लांब मिशा असतात आणि खाण्याजोगे मांस जवळजवळ सगळे शेपटीत असते. मालवण-वेंगुर्ल्याकडे मिळणारी शेवंड याच कुळातली. कॅरिबियन सफरींवर नुसती शेपटी वाढली जाते तेव्हा ती बहुतेक वेळा काटेरी शेवंडीची असते. थंड पाण्यातल्या शेपटीचे मांस अधिक कोवळे व गोडसर असते आणि तिचा भावही चढा असतो. मेनूवर मात्र बहुधा एवढेच लिहिलेले असते : लॉब्स्टर टेल. उष्ण पाण्यातली की थंड, हा प्रश्न ऑर्डर देण्याआधी विचारावा. वेटरला उत्तर माहीत नसेल, तर त्याने आत जाऊन विचारून येण्यात काही गैर नाही.

शिजलेल्या शेवंडीच्या लाल रंगावरून ताजेपणा ठरवता येत नाही. तिच्या कवचात अ‍ॅस्टॅझँथिन हे तांबडे रंगद्रव्य एका प्रथिनाला बांधलेले असते, म्हणून जिवंतपणी कवच तपकिरी, हिरवट किंवा निळसर दिसते. उष्णतेने ते प्रथिन विस्कटते आणि रंग मोकळा होतो. कालची शेवंड आणि वर्षभर बर्फात पडलेली शेवंड, दोन्ही सारख्याच लाल होतात.

तीन-चार हजार प्रवाशांच्या जहाजाचा शिधा सफर जिथून सुरू होते त्या मूळ बंदरात, प्रवासी बदलण्याच्या दिवशी, ठरलेल्या पुरवठादारांकडून पॅलेटच्या पॅलेट चढवला जातो. मधल्या बंदरावर धक्क्यावरून मासळी घेणे हा अपवाद असतो. एका संध्याकाळी लागणाऱ्या हजारो शेपट्या एका मापाच्या, तपासलेल्या आणि कागदपत्रांसह हव्या असतात, आणि त्या तशा धक्क्यावर मिळत नाहीत. जहाज समुद्रावर चालते, त्याचे स्वयंपाकघर मात्र गोदामावर. शेवंडीच्या बाबतीत त्याला आणखी एक कारण आहे. ती मेली की तिच्या पचनग्रंथीतली विकरे मांस विरघळवू लागतात आणि काही तासांत ते पिठूळ होते. त्यामुळे पकडल्यावर शेपटी वेगळी करून ती लगेच गोठवतात. यात कमीपणा काहीच नाही. नीट गोठवलेली आणि फ्रिजमध्ये सावकाश मोकळी केलेली शेपटी, दोन दिवसांपूर्वी मेलेल्या ‘ताज्या’ शेवंडीपेक्षा केव्हाही चांगली. अडचण सुरू होते ती गोठवलेला माल ताजा म्हणून विकला जातो तेव्हा.

ताजेपणाचा दावा तपासायला कॅलेंडर पुरते. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तशी कॅरिबियन भागात प्रजननाच्या काळात शेवंड पकडण्यावर बंदी असते. मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावर, म्हणजे कोझुमेलच्या आसपास, ती १ मार्च ते ३० जून असते. बहामात १ एप्रिल ते ३१ जुलै आणि फ्लोरिडात १ एप्रिल ते ५ ऑगस्ट. या काळात त्या किनाऱ्यावर ताजी शेवंड म्हणून जे मिळते ते गोठवलेले तरी असते किंवा बेकायदा तरी.

मायामीहून सुटणाऱ्या एका जहाजावर, एप्रिल महिन्यात, प्रस्तुत लेखकाने व त्याच्या पत्नीने जो अनुभव घेतला तो या नियमाचे उदाहरण म्हणून नोंदवण्यासारखा आहे. स्पेशालिटी रेस्टॉरंटच्या मेनूवर ‘आजचा ताजा लॉब्स्टर’ असे छापलेले होते. ताजा म्हणजे कुठला, असे स्पष्ट विचारल्यावर वेटरने, सकाळी कोझुमेलला चढवला, असे तितकेच स्पष्ट सांगितले. शेजारी उभ्या असलेल्या व्यवस्थापकाने मान डोलावली. आलेली शेपटी कडेला सुकलेली आणि मध्ये भुसभुशीत होती, आणि तिला अमोनियाचा सूक्ष्म पण ओळखू येणारा वास होता. ज्याचे लहानपण मालवणच्या बाजारात मासळीचे कल्ले उचलून पाहण्यात गेले आहे, त्याला हा वास समजावून सांगावा लागत नाही. व्यवस्थापकाने मात्र तो समजावून सांगितला : हा लोण्यातल्या लसणीचा वास आहे, आणि भारतीय पाहुण्यांना मसाल्याची सवय असल्यामुळे साधी चव वेगळी वाटते. हे सगळे हसून, खांद्यावर हात ठेवून.

दुसऱ्या दिवशी जहाजाचे स्वयंपाकघर दाखवण्याची सहल होती. शीतगृहाच्या दारापाशी खोके रचून ठेवलेले होते. त्यांवर औंसांत माप, मूळ देश आणि ‘गोठवलेले’ हा शब्द मोठ्या अक्षरांत छापलेला होता. मेक्सिकोचे नाव एकाही खोक्यावर नव्हते. तिथे काम करणाऱ्या एका गोवेकर तरुणाला हळूच विचारले, तर तो सहज म्हणाला, “हें सगळें फ्रोझनच, बाब.” जी गोष्ट भांडी उचलणारा मुलगा एका वाक्यात सांगू शकतो, ती काळा कोट घातलेल्या व्यवस्थापकाला सांगता आली नाही. त्या महिन्यात कोझुमेलला शेवंड पकडायलाच बंदी होती. आदल्या रात्रीचे उत्तर म्हणजे अंदाज नव्हता; ते विक्रीसाठी दिलेले उत्तर होते.

तक्रारीचा क्रमही समजून घ्यावा. गेस्ट सर्व्हिसेसच्या खिडकीवर सांगण्यात आले की पदार्थ खाल्ला गेला असल्यामुळे पैसे परत होत नाहीत. ताटात अर्ध्याहून अधिक शेपटी उरली होती, पण त्याची नोंद कोणी केलेली नव्हती. सेवाशुल्क तर कोणत्याच परिस्थितीत परत होत नाही, असे उत्तर आले. सेवा मिळाली की नाही, हा प्रश्न त्या नियमात बसत नसावा. मुंबईहून सोबत आलेल्या टूर मॅनेजरने, “काका, सुट्टीवर आलोय ना आपण, सोडून द्या,” असा सल्ला दिला. ज्याच्या कंपनीने माहितीपत्रकात शेवंडीचे पानभर छायाचित्र छापून जागा विकल्या, त्याने हे म्हणावे, यावर वेगळे भाष्य नको. यावरून निघणारे नियम असे : पहिल्या दोन घासांतच थांबावे. ताट मोबाइलने टिपून ठेवावे. वेटरशी न बोलता मुख्य वेटर किंवा व्यवस्थापकाला बोलवावे आणि पदार्थ परत नेल्याची नोंद बिलावर करून घ्यावी. बदली म्हणून येणारी चॉकलेट केकची बशी नम्रपणे नाकारावी, कारण ती घेतली की तक्रार मिटली असे धरले जाते.

मुख्य भोजनगृहातल्या शेपटीचे दोष वेगळे असतात. तिथे दोन पंगती बसतात, पहिली संध्याकाळी सहाच्या सुमारास आणि दुसरी आठ-साडेआठला. शेकडो शेपट्या एकदम भट्टीत जातात आणि वाढेपर्यंत गरम कपाटात राहतात. शेपटीचे मांस मध्यभागी ६३ अंश सेल्सिअसला पोचले की ते मोतिया पांढरे आणि रसदार असते. त्यानंतर मिळणाऱ्या प्रत्येक मिनिटात ते पाणी सोडते आणि चिवट होते. म्हणून आपल्या पंगतीला वेळेवर बसावे, सूप आणि सॅलड यांत वेळ घालवू नये आणि लोणी वेगळे मागावे. कवचावरचे काळे डाग बहुधा निरुपद्रवी असतात. हवेशी संबंध आल्यावर विकरांमुळे ते पडतात. वास मात्र कधीही निरुपद्रवी मानू नये.

बुफेतल्या बाकीच्या मासळीत कोळंबी आणि माकुल सर्वांत सुरक्षित निवड असते, कारण ती भरपूर खपते आणि सतत ताजी भरली जाते. खेकड्याच्या नावाने सॅलडमध्ये येणारे लाल-पांढरे तुकडे बहुधा सुरिमीचे असतात : पोलॉक माशाचा लगदा, पिष्ट, अंड्याचा पांढरा भाग आणि चवीपुरता खेकड्याचा अर्क. अलास्काच्या सफरींवर खेकड्याचा भाव पाहून दचकू नये. बेरिंग समुद्रातला स्नो क्रॅबचा हंगाम २०२२ मध्ये इतिहासात प्रथमच रद्द झाला. २०१८-१९ च्या सागरी उष्णतेच्या लाटेनंतर तिथले अब्जावधी खेकडे नाहीसे झाले होते.

अमेरिकी बंदरांत येणाऱ्या जहाजांसाठी गरम पदार्थ ५७ अंशांच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली ठेवण्याचा दंडक आहे. तिथल्या रोग नियंत्रण केंद्राचे निरीक्षक न सांगता येऊन जहाजाला १०० पैकी गुण देतात. ८५ किंवा त्याहून कमी म्हणजे नापास. हे अहवाल सर्वांना पाहता येतात. तिकीट काढण्याआधी ते वाचणे हा फुकटातला सर्वांत उपयोगी उपाय. कच्ची कालवे मात्र कितीही गुण असलेल्या जहाजावर टाळावीत, विशेषतः यकृताचा विकार, मधुमेह किंवा कमी प्रतिकारशक्ती असलेल्यांनी. त्यांतले व्हिब्रिओ जिवाणू जिवावर बेतू शकतात, आणि लिंबू पिळल्याने किंवा तिखट सॉसने ते मरत नाहीत. उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसवर हातावरचा सॅनिटायझर पुरत नाही; साबण आणि पाणीच लागते.

दोन विषे शिजवूनही जात नाहीत. कुपा आणि माही-माही हे मासे थंडाव्याबाहेर राहिले, तर त्यांत हिस्टामाइन तयार होते. चव मिरमिरीत लागते आणि थोड्या वेळात चेहरा लाल होऊन डोके ठणकू लागते. कॅरिबियन खडकांजवळच्या बाराकुडा, ग्रुपर आणि स्नॅपर या मोठ्या माशांत सिग्वाटेरा विष साठलेले असू शकते. त्यात थंड वस्तू भाजल्यासारखी लागते. बंदरावरच्या टपरीत बाराकुडा कधीही खाऊ नये.

कवचधारी प्राण्यांची अ‍ॅलर्जी असणाऱ्याने ती बुकिंगच्या वेळीच लेखी कळवावी आणि पहिल्या संध्याकाळी मुख्य वेटरला पुन्हा सांगावी. अ‍ॅलर्जीला कारण होणारे ट्रोपोमायोसिन हे प्रथिन उष्णतेने नष्ट होत नाही, म्हणून कोळंबी तळलेल्या तेलातले बटाटेही चालत नाहीत. अमेरिकेच्या २००४ च्या लेबल कायद्यात खेकडा, कोळंबी, लॉब्स्टर येतात. कालवे आणि शिंपले येत नाहीत. नुसते लेबल वाचून निश्चिंत होऊ नये.

शेपटीचा मूळ देशही विचारावा. होंडुरासच्या किनाऱ्यावर मिस्किटो आदिवासी पाणबुडे अपुऱ्या साधनांनिशी खोल बुड्या मारून शेवंड काढतात. त्यांतल्या अनेकांना कायमचे अपंगत्व आले आणि काही दगावले. या पाणबुड्यांच्या खटल्यात आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने २०२१ मध्ये होंडुरासची जबाबदारी नोंदवली. स्वस्त शेपटीची किंमत कोणीतरी आधीच मोजलेली असते.

शेवटचा भाग बिलाचा. केबिनच्या खात्यावर रोज काय चढते ते टीव्हीवर किंवा जहाजाच्या अ‍ॅपवर पाहता येते. ते रोज पाहावे. शेवटच्या रात्री खिडकीसमोर लांबलचक रांग असते आणि पलीकडचा माणूस सकाळी उतरणार असलेल्या प्रवाशाला फारसे मोजत नाही. वादातली रक्कम उतरण्यापूर्वीच लेखी नोंदवावी आणि त्याची प्रत घ्यावी. लेखकाच्या तक्रारीला घरी परतल्यावर उत्तर आले : अभिप्रायाबद्दल आभार, आणि पुढच्या सफरीत वाइनवर सवलतीचे कूपन. लेखक वाइन घेत नाही. हे त्यांच्याच फॉर्मवर, खाण्यापिण्याच्या आवडीनिवडींच्या रकान्यात, सफरीआधी लिहून दिलेले होते.