पुडी आणायला कोण जाते?
(पालकांसाठी पाठ)



शाळेतल्या मुलांचे व्यसन म्हटले की आपल्याला पानटपरी आणि वाईट संगत आठवते. ‘पोरगं संगतीनं बिघडलं,’ असे म्हणून आपण मोकळे होतो. आजच्या पाठात आपण थोडे मागे जाऊन पाहू या. मुलाच्या हातात तंबाखूची पहिली पुडी येते तरी कोठून?

१. पाहणी काय सांगते?

केंद्र सरकारने २०१९ साली देशभरातील शाळांत १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांची तंबाखूविषयी पाहणी केली. देशात ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखूचे कोणत्या ना कोणत्या रूपात सेवन करत होते. मुलांमध्ये हे प्रमाण ९.६ टक्के आणि मुलींमध्ये ७.४ टक्के होते. म्हणजे मुली फार मागे नाहीत. महाराष्ट्राचा आकडा ५.१ टक्के निघाला. तो देशापेक्षा कमी आहे. पण याच पाहणीतली दुसरी गोष्ट विचार करायला लावते. ज्या मुलांनी तंबाखू खाल्ली किंवा दातांना लावली होती, त्यांचे ती सुरू करण्याचे मध्यक वय ९.९ वर्षे होते. विडीचे वय साडेदहा, तर सिगारेटचे साडेअकरा होते.

दहाव्या वर्षी मूल चौथी-पाचवीत असते. त्या वयात त्याला टपरीवरची संगत क्वचितच असते. त्याचे जग म्हणजे घर, अंगण, शेजार आणि शाळा.

२. घरात काय शिकवले जाते?

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ वर्षांवरील २६.६ टक्के लोक तंबाखू वापरत होते. त्यांत ओढणारे ३.८ टक्के, तर खाणारे किंवा दातांना लावणारे २४.४ टक्के होते. धुराचा वास येतो, म्हणून विडी लपून ओढली जाते. तंबाखू मात्र सर्वांसमोर मळली जाते. पारावर, बसमध्ये, लग्नाच्या मांडवात ती एकमेकांना दिली जाते. मूल हे रोज पाहते आणि मनाशी ठरवते, ‘मोठी माणसे हे करतात, म्हणजे यात वाईट काही नाही.’

आपल्या जिल्ह्यात मिश्रीची सवय जुनी आहे. मिश्री म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू. आजी ती लावते, आई लावते आणि दाढ दुखते म्हणून एक दिवस मुलीच्या हिरडीलाही लावते. दुखणे थांबल्यासारखे वाटते, सवय मात्र राहते. ‘मी तंबाखू खात नाही, फक्त दात घासते,’ असे म्हटले तरी निकोटीन तोंडाच्या नाजूक त्वचेतून रक्तात जातेच.

मुलांच्या बाबतीत मावा अधिक घातक ठरतो. त्यात सुपारी, तंबाखू आणि चुना असतो. नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केले. सुपारीने तोंडाच्या आतली त्वचा ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. मुलाला तिखट झोंबू लागले किंवा आपली तीन बोटे उभी धरून तोंडात घालता आली नाहीत, तर वेळ न घालवता दंतवैद्याला दाखवावे.

३. विडी वळणारी घरे

नगर शहरात आणि संगमनेरात अनेक मायभगिनींनी विड्या वळून संसार चालवले, मुले शिकवली. त्या कष्टांना कोणी नावे ठेवू नयेत. पण विडीच्या सुपाशेजारी बसून मुलांनी अभ्यास करू नये. तंबाखूची भुकटी श्वासातून आत जाते. जमेल तेवढे काम वेगळ्या जागी करावे आणि हात धुतल्याशिवाय स्वयंपाकाला किंवा तान्ह्या बाळाला हात लावू नये.

४. कायदा काय म्हणतो?

२००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकणे आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत तिची विक्री करणे हा गुन्हा आहे. पुडी वडिलांसाठी नेतो, असे मुलाने सांगितले तरी दुकानदाराला सूट नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार मुलाला तंबाखू देणाऱ्यास किंवा द्यायला लावणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा ‘जा रे, पुडी घेऊन ये,’ हे वाटते तितके साधे काम नाही.

आपल्यापैकी काहींची किराणा दुकाने आहेत. पुडी विकली नाही तर गिऱ्हाईक तुटेल, ही त्यांची अडचण खरी आहे. व्हॅटिकनमध्येही सिगारेट विक्रीतून मोठे उत्पन्न मिळत असे. तरी पोप फ्रान्सिस यांनी २०१७ मध्ये निर्णय घेऊन २०१८ पासून ही विक्री बंद केली. निदान लहान मुलाच्या हाती पुडी न देण्याचे तरी आपण ठरवू शकतो.

५. आजपासून काय करावे?

• मुलाला तंबाखू, विडी किंवा चुना आणायला पाठवू नये. मळून द्यायलाही सांगू नये.
• दाढ दुखली तर मिश्री न लावता मीठ घातलेल्या कोमट पाण्याने चूळ भरायला द्यावी आणि दवाखान्यात न्यावे.
• मूल तंबाखू खाताना सापडले तर मारू नये. मारामुळे ते लपवायला शिकते. कोणी दिली, केव्हापासून खातो, हे शांतपणे विचारावे.
• स्वतःला सवय असेल तर मुलासमोर ती मान्य करावी आणि सोडण्याचा प्रयत्न त्याला दिसू द्यावा. तलफ काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी प्यावे, हातात काम घ्यावे. सरकारच्या १८००-११-२३५६ या विनाशुल्क क्रमांकावर सल्ला मिळतो.

आडात असेल तेच पोहऱ्यात येते. वडिलांच्या खिशात पुडी असताना मुलाला केलेला उपदेश वाऱ्यावर जातो. वडिलांनी ती टाकून दिलेली मुलाने पाहिली, तर वेगळ्या उपदेशाची फारशी गरज राहत नाही.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात तंबाखू कोठे ठेवली जाते? मुलांचा हात तेथे पोचतो का?
२. पाहुण्यांपुढे तंबाखूऐवजी आपण काय ठेवू शकतो?
३. घरातील मिश्रीची सवय आपल्या पिढीत थांबवायची, तर पहिले पाऊल कोण उचलेल?