पाठ फिरवणारा बिल्ला

पुणे, रविवार

चि. चिऊस,

तू पाठवलेला आराखडा नीट पाहिला. बंगळुरूच्या परिषदेत गळ्यात घालायचा बिल्ला, त्यावर ईएसपी-३२ चिप, सोळा निओपिक्सल दिवे, छोटा ओएलईडी पडदा, एक बझर, आणि उरलेल्या कोपऱ्यात तुझं नाव. ते इतकं बारीक की कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणावा लागला.

तिथूनच सुरुवात करतो. परिषदेत समोरचा माणूस तुला ओळखत नाही. चहाच्या रांगेत दोन हातांवरून त्याला तुझं नाव वाचता यायला हवं. म्हणजे अक्षरं दीड-दोन सेंटिमीटर उंच घे आणि मग बाकीच्यांना जागा दे. आणि वर मधोमध एकच भोक पाडलं आहेस ते बदल. एका भोकावर टांगलेला बिल्ला गरगर फिरतो आणि कुणी वाचायला आलं की नेमकी पाठ फिरवतो. वरच्या दोन्ही कोपऱ्यांत भोकं पाड, दोन हुकांची दोरी घे, आणि तरीही मागच्या बाजूला नाव छापून टाक.

त्या मागच्या बाजूचा मी अनुभव घेतलेला आहे. माझा पहिला बिल्ला झिरो पीसीबीवर हातानं जोडलेला होता. सकाळी नऊला गळ्यात घातला, साडेदहाला विझला. दोरीचा लोखंडी हुक लोंबकळत सेलच्या होल्डरवर टेकला आणि शॉर्ट झाला. मग दिवसभर ते मढं गळ्यात घेऊन फिरलो. जो भेटेल तो विचारायचा, ‘हे काय करतं?’ मी म्हणायचो, ‘सकाळी करत होतं.’ शिवाय पार्टचे पाय कटरनं छाटले तरी टोकं राहतात; त्यांनी कुर्त्याचे धागे ओढले ते वेगळंच. म्हणून मागे पातळ फोम चिकटव आणि हुकाच्या वाटेत एकही उघडा सांधा ठेवू नकोस.

आता विजेचा हिशेब. तो तू केलेलाच नाहीस, हे आराखड्यावरून कळतं. एक निओपिक्सल पूर्ण पांढरा पेटला की सुमारे ६० मिलीअँपिअर खातो. सोळांचे झाले ९६०, म्हणजे जवळजवळ एक अँपिअर. तुझी लिथियम बॅटरी १००० मिलीअँपिअर-तासांची. उद्घाटनाचं भाषण संपायच्या आत ती बसेल. त्यात ईएसपी-३२ वायफायवर बोलायला लागला की क्षणभर २०० मिलीअँपिअरच्या वर जातो. बरं, वायफायचं काम काय, असं मी फोनवर विचारलं तर तू म्हणालीस, ‘असू दे.’ बिल्ल्यावर ‘असू दे’ला जागा नसते गं. बटन सेलवर चालवायचा विचार असेल तर तोही सोड. त्याच्यात २२० मिलीअँपिअर-तासांच्या आसपास जीव, आणि तोही थेंबाथेंबानं काढला तरच मिळतो.

मी असतो तर एटीटायनी-८५ चिप घेतली असती, दोन ट्रिपल-ए सेल आणि चार साधे लाल एलईडी. लालच का? लाल दिवा २ व्होल्टच्या आसपास पेटतो. निळा-पांढरा जवळपास ३ मागतो, सेल जरा उतरले की मान टाकतो. ३ व्होल्टवर लाल दिव्याला २२० ओहमचा रेझिस्टर लावला की साडेचार मिलीअँपिअर वाहतात. चारांचे अठरा. दोन दिवस आरामात निघतील, आणि संपले तर कोपऱ्यावरच्या दुकानात सेल मिळतात. रंगांची फारच हौस असेल तर निओपिक्सल चारच ठेव आणि प्रोग्राममध्ये त्यांचा उजेड दहाव्या हिश्श्यावर आण. अंधाऱ्या सभागृहात शेजारी बसणारी मंडळी तुला दुवा देतील. पडदा हवाच असेल तर ई-पेपरचा घे. सेल काढला तरी त्यावरचं नाव जात नाही.

हे सगळं फार साधं वाटेल तुला. पण लास व्हेगासला १९९३ पासून भरणाऱ्या डेफ कॉनमध्ये पहिला इलेक्ट्रॉनिक बिल्ला आला तो २००६ साली, जो ग्रँडनं केलेला, आणि त्यात दोन दिवे नि एक बटन सेल एवढाच संसार होता. आज तिथं लोक वर्षभर खपून स्वतःचे बिल्ले बनवतात, अदलाबदल करतात, एकमेकांच्या बिल्ल्यांवर छोटे जोड-बिल्ले बसवतात. त्यासाठी ३.३ व्होल्टची सहा पिनांची ठरलेली जोडणी आहे. तेवढी बर्ग स्ट्रिपची जागा मात्र तू जरूर सोड. मोठ्या पडद्यापेक्षा त्या सहा भोकांमुळे तुझ्याशी जास्त लोक बोलायला येतील.

सोल्डरिंग घाईत करू नकोस. आधी पॅड आणि पाय दोन्ही तापव, मग सोल्डरची तार लाव. आयर्नच्या टोकावर गोळा करून थापलेला सांधा ड्रायच राहणार. टेबलावर तो चालतो, गळ्यात मात्र बिल्ला दिवसभर हिसके खातो. बॅटरीच्या तारा तर सांध्याच्या भरवशावर सोडूच नकोस, बोर्डाला बांधून टाक. पूर्ण झाला की घालून आईबरोबर मंडईत जाऊन ये. तिथून जिवंत परतला तर बंगळुरूला टिकेल.

आणि विमानतळावर तो गळ्यात नको. २००७ साली बॉस्टनच्या लोगन विमानतळावर एमआयटीची एक विद्यार्थिनी स्वेटशर्टावर ब्रेडबोर्ड, दिवे आणि ९ व्होल्टची बॅटरी लावून गेली होती. पोलिसांनी बंदुका रोखून तिला अटक केली. बिल्ला बंद करून, बॅटरी सुटी काढून, तिच्या टोकांना टेप लावून हातातल्या बॅगेत ठेव. लिथियमची सुटी बॅटरी सामानात चेक-इन करता येत नाही. कुणी विचारलं तर सरळ दाखव. विनोद करू नकोस.

बोर्ड बनवायला पाठवण्याआधी आराखडा मूळ मापात कागदावर छाप, पुठ्ठ्यावर चिकटव, गळ्यात अडकव आणि चार पावलांवरून कुणाला तरी फोटो काढायला सांग. तो मला पाठव. बर्ग स्ट्रिप आणि दोन हुकांची दोरी मी बुधवार पेठेतून आणून ठेवली आहे, शनिवारी येऊन घेऊन जा.

तुझा,
मामा